हात लावायचा किल्ला

मानपाडा दोन आहेत. एक ठाण्याचा, घोडबंदर रस्त्यावरचा. तेथे आमचे बिऱ्हाड. दुसरा डोंबिवलीचा, कल्याण-शीळ रस्त्याजवळचा. तेथे माझी धाकटी बहीण राहते. एका दिवाळीत आमच्याकडे फराळाला यायची मंडळी चुकून तिच्याकडे गेली, तिच्या चकल्या खाऊन तृप्त झाली आणि तेथूनच परस्पर घरी परतली. आमचा चिवडा तसाच राहिला. ही हकिकत आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो किल्ला बांधायचा आहे त्यात दोन्ही मानपाड्यांचा वाटा आहे.

चार दिवाळ्यांपूर्वी मी आमच्या गॅलरीत एक किल्ला बांधला. 'आम्ही' बांधला असे म्हणण्याची पद्धत आहे, पण खरे सांगायचे तर मीच बांधला. विटा रचून त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट, त्यावर लाल माती. कैलासासारखे निमुळते शिखर, शिखरावर सिंहासन, आणि तळापासून माथ्यापर्यंत गोल गोल फिरत जाणारी वाट. अळीव असा तरारून आला होता की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. पायथ्याशी आरशाचे तळे, तळ्यात बदके, कोपऱ्यात लुकलुकणारा दिवा. शेजारीपाजारी येत, मान डोलवत आणि फोटो काढून जात. सोसायटीच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला आणि बक्षीस म्हणून स्टीलचा डबा घरात आला. किल्ल्यासमोर मी एक फळी उभी केली होती. तिच्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : 'कृपया हात लावू नये.'

चिरंजीव तेव्हा आठ वर्षांचे होते. चार दिवस ते त्या फळीच्या अलीकडे, दोन्ही मुठींत एकेक मावळा घेऊन उभे असत. भाऊबीजेच्या संध्याकाळी त्यांनी विचारले, "बाबा, आपण यावर खेळायचं केव्हा?"

"अरे, हा खेळायचा नाही, बघायचा," मी म्हणालो.

त्यांनी मुठीतले मावळे फळीशेजारी ठेवले आणि ते आत निघून गेले. पुढल्या वर्षी मी माती आणली, विटा आणल्या आणि त्यांना हाक मारली. पुस्तकातून डोके वर न काढता ते म्हणाले, "तुम्हीच बांधा ना. तुमचाच तर किल्ला आहे."

त्या वर्षी आमच्याकडे किल्ला झाला नाही. माती गॅलरीतल्या कुंड्यांत गेली. स्टीलच्या डब्यात सौ.ने रवा भरला. तो डबा दृष्टीस पडला की मला उगीचच अपराधी वाटे.

माझे वडील, नाना, हे सारे आरामखुर्चीतून पाहत होते. त्यांचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. एके रात्री ते म्हणाले, "अरे, आमच्या किल्ल्यावर रोज लढाई व्हायची. संध्याकाळी पडझड, सकाळी डागडुजी. शेवटच्या दिवशी तर ओळखू येत नसे. तुझा किल्ला फार सुरेख होता, पण त्यावर मावळा उभा कुठे राहायचा?"

मी मनातल्या मनात तो किल्ला पुन्हा पाहिला. खरेच की! उतार इतका तिरपा होता की सगळे मावळे मी पायाशी माती लावून चिकटवले होते. वाट दोन बोटे रुंद आणि मावळा तीन बोटांचा. दरवाजातून आत जाणे एकाही वीराला शक्य नव्हते. तो किल्ला नव्हता, किल्ल्याचे चित्र होते.

राजांचे मेज आणि लेखकाची जमीन

खेळण्यातल्या सैनिकांनी लढाया खेळाव्यात, आणि त्यासाठी डोंगर-नद्या बनवाव्यात, हा उद्योग फक्त मुलांचा आहे असे समजू नका. प्रशियात फॉन राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली राजाला एक मोठे मेजच बनवून दिले. त्यावर प्लास्टरचे उठावदार तुकडे मांडायचे. कशावर टेकडी, कशावर नदी, कशावर रस्ता. तुकडे हलवले की नवा प्रदेश तयार. पुढे १८२४ साली त्याच्या मुलाने, जो सैन्यात अधिकारी होता, हाच खेळ नकाशांवर आणला आणि प्रशियाच्या सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला.

इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी तर १९११ साली जमिनीवरच्या खेळांवर आणि १९१३ साली सैनिकांच्या लुटुपुटीच्या लढायांवर अशी दोन पुस्तके लिहिली. त्यांचे सैनिक शिशाचे, तोफा स्प्रिंगच्या. झाडे म्हणजे बागेतल्या डहाळ्या, घरे म्हणजे लाकडी ठोकळे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्याला खऱ्या युद्धाची हौस असेल त्याने आधी हा खेळ खेळून पाहावा, म्हणजे खरे युद्ध केवढा मोठा घोटाळा आहे ते त्याला कळेल. दुर्दैवाने दुसऱ्याच वर्षी, १९१४ साली, युरोपने खऱ्या जमिनीवर खरा खेळ मांडला.

आज जगभर असे खेळणारे हौशी लोक आहेत. त्यांच्यापुढे कायम एकच पेच असतो. डोंगर हुबेहूब करावा, तर सैनिक घसरून पडतात. सैनिक नीट उभे राहावेत म्हणून पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर करावा, तर तो लग्नातल्या केकसारखा दिसतो. दिसणे आणि चालणे यांचे भांडण! माझ्या बक्षीसपात्र किल्ल्यातही हेच भांडण होते, आणि मी डोळे मिटून दिसण्याच्या बाजूने निकाल दिला होता.

पायऱ्यांचा सह्याद्री

या भांडणाचा उलगडा मला दुसऱ्या मानपाड्यात झाला. गेल्या वर्षी गणपतीत बहिणीकडे गेलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता आणि गच्चीवरून आग्नेयेला मलंगगड अगदी हातावर ठेवल्यासारखा स्पष्ट दिसत होता. चिरंजीव शेजारी उभे होते. ते सहज म्हणाले, "बाबा, हा डोंगर जिन्यासारखा आहे."

मी पाहिले. खाली पसरट उतार, मग सपाटी, ती पीरमाची. त्यावर कडा, पुन्हा सपाटी, ती सोनमाची. त्यावर उभा सुळका, तो बालेकिल्ला. पायऱ्याच त्या! आणि का नसाव्यात? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपला सह्याद्री तयार झाला. काही थर कठीण, काही मऊ. मऊ थर पावसाने झिजले, त्यांचे उतार आणि सपाट्या झाल्या. कठीण थर कडे होऊन उभे राहिले. कडा, माची, बालेकिल्ला हे शब्द आपण इतिहासात शिकतो, पण मुळात ती त्या दगडाची घडण आहे.

या पायऱ्या नुसत्या शोभेच्या नव्हेत. १७८० साली, इंग्रज-मराठ्यांच्या पहिल्या युद्धात, कॅप्टन अ‍ॅबिंग्टनने याच मलंगगडाला वेढा घातला. खालची पायरी त्याने घेतली. वरची मात्र त्याला घेता आली नाही; शिडीच्या टोकाशी शत्रू उभा असताना शेवटची पायरी चढायची कशी?

म्हणजे परदेशातला हौशी खेळाडू ज्या पायऱ्यांबद्दल दिलगिरी व्यक्त करतो, त्या आपल्याकडे निसर्गानेच घालून दिल्या आहेत. खरा सह्याद्री बनवला, की मावळा आपोआप उभा राहतो. खोटा होता तो माझा कैलास.

साहित्य आणि कृती

गेल्या दिवाळीत मग आम्ही नव्याने आरंभ केला. प्रसंग निवडला नातवाने आणि आजोबाने मिळून : पन्हाळा ते विशाळगड, १३ जुलै १६६०. किल्ला हवा, खिंड हवी, पाऊस हवा आणि जिवाची शर्थ हवी; सारे त्या एका दिवसात आहे. ज्यांना यंदा असे काही करायचे असेल त्यांच्यासाठी आमचा अनुभव लिहून ठेवतो.

प्रथम आकार. चार फूट लांब आणि तीन फूट रुंद प्लायवूड घेतले, तेही मधोमध कापून दोन तुकड्यांत; नाहीतर लिफ्टमध्ये जात नाही. रुंदी याहून वाढवू नये. मधल्या सैनिकापर्यंत मुलाचा हात पोचला पाहिजे. न पोचला तर मूल कोपर टेकते आणि कोपराखाली डोंगर जातो.

डोंगरासाठी विटा नकोत, वजन फार होते. घरपोच येणाऱ्या सामानाची पुठ्ठ्याची खोकी प्रत्येक घरात साठलेली असतात. त्यांचे थर एकावर एक डकवावेत. थर्माकोलच्या वाटेला जाऊ नये. सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ साली बंदी आली, आणि त्याचा भुगा तर पुढच्या दिवाळीपर्यंत घरात उडत राहतो. प्रत्येक माची निदान दोन सैनिक मागे-पुढे उभे राहतील इतकी रुंद हवी. कडे उभे ठेवावेत, सपाट्या अगदी सपाट.

वरचा लेप वर्तमानपत्राचा लगदा आणि चाळलेली लाल माती समभाग घेऊन, मैद्याच्या खळीत मळून केला. नुसती माती वाळली की तडकते. लगद्याने ती धरून राहते. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची रीत आहे, पण ते विषारी असते आणि काम मुलांच्या हातचे, म्हणून आम्ही ते टाळले आणि दोन दिवस कडक ऊन दाखवले. कड्यांना कोळशाची पूड आणि काव, वर कोरड्या कुंचल्याने चुन्याचा हलका हात. एवढ्यावर काळा पाषाण दिसू लागतो. चहाचा चोथा वाळवून खळीवर भुरभुरला की रानातली ओली जमीन होते.

अळिवाविना दिवाळीचा किल्ला कसला? पण अळीव लढाईच्या जागेवर पेरू नये. त्याला रोज पाणी लागते, आणि पाण्याने पुठ्ठा बसतो. शिवाय खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या धोतरावर लाल ओघळ गेले की शेजारधर्म संपतो. आमच्या कन्येने युक्ती काढली. बरण्यांच्या झाकणांत माती घालून त्यांत अळीव आणि मोहरी पेरली, आणि झाकणे बसतील असे खळगे डोंगरात ठेवले. पाणी घालताना झाकण उचलायचे, मग परत ठेवायचे. लढाई रानात शिरली तर रान उचलून बाजूला ठेवायचे! तीन-चार दिवसांत आषाढातला डोंगर हिरवागार झाला.

आता सैनिक. बाजारातले मातीचे मावळे फार देखणे असतात, पण असतात वीतभर. आमच्या विशाळगडावर ते राक्षस दिसले असते. राजांची बसलेली मूर्ती तेवढी बाजारची आणली आणि वरच्या कोपऱ्यात मानाने ठेवली. बाकी सैन्य मुलांनी शाडूचे, दीड इंच उंचीचे केले. हातात काडीपेटीची काडी हा भाला. प्रत्येकजण पुठ्ठ्याच्या चौकोनावर चिकटवला. बोटाने धरायचे ते चौकोनाला, म्हणजे मुंडकी शाबूत राहतात. भगव्या चौकोनाचे वीस मावळे, हिरव्या चौकोनाचे साठ विजापूरकर, शिवाय राजांची पालखी आणि तिच्याबरोबर दहाजण.

खिंडीची रुंदी

इथवर सारे ठीक झाले. खरी परीक्षा पुढेच होती. सिद्दी मसूद व्हायला कोणी तयार होईना. चिरंजीव बाजीप्रभू, कन्या राजांच्या पालखीबरोबर, आणि शत्रू? शेवटी नाना म्हणाले, "मी होतो. पण सांगून ठेवतो, मुद्दाम हरणार नाही."

नियम साधे केले. सैनिक एका डावात वीतभर चालतो, चढावर अर्धी वीत. समोरासमोर आले की दोघांनी फासा टाकायचा, कमी पडेल तो पडला. पाऊस आहे, तेव्हा बंदुका नाहीत. पालखीने विशाळगड गाठायचा, पण वाटेत सुर्वे आणि दळवी यांचा वेढा आहे, तो फोडूनच वर जायचे. पालखी दरवाजात पोचली की तोफांचे पाच आवाज. त्यासाठी टिकल्या आणि बत्ता तयार ठेवला होता.

पहिली लढाई चार डावांत संपली. मी खिंड मोठी ऐसपैस, मुलांचा हात सहज जाईल अशी केली होती. नानांचे सैन्य आठ-आठांच्या रांगेने आत शिरले आणि बाजीप्रभूंना गराडा घालून मोकळे झाले. चिरंजीवांचे डोळे भरून आले. नाना शांतपणे म्हणाले, "अरे, ही खिंड नव्हे, हे आझाद मैदान आहे."

मी रातोरात कडे जवळ आणले. दुसऱ्या दिवशी खिंड दिसायला इतकी भयाण झाली की सौ. म्हणाली, अंगावर काटा येतो. पण हात आत जाईना. नानांच्या सदऱ्याच्या बाहीनेच दोन्ही पक्षांचे मिळून नऊ लोक मारले. पुन्हा तेच भांडण! खिंड दिसावी म्हणून अरुंद केली तर खेळता येत नाही. खेळता यावी म्हणून रुंद केली तर ती खिंडच राहत नाही.

तोड चिरंजीवांनी काढली. "बाबा, रानासारखा कडाच उचलता आला तर?" एका बाजूचा कडा आम्ही तळापासून सुटा केला आणि त्याखाली दोन खुंट्या बसवल्या. हात घालायचा तेव्हा कडा उचलायचा, डाव झाला की परत बसवायचा. सांधा झाकायला त्यावर कारवीचे म्हणून तुळशीच्या वाळक्या काड्यांचे रान लावले. रुंदी ठेवली नेमकी तीन सैनिकांची.

तिसऱ्या दिवशी लढाई उभी राहिली. नानांचे साठजण खिंडीच्या तोंडाशी आले आणि तेथेच दाटले. पुढे तिघे, बाकीचे सत्तावन्न मागे नुसते उभे. चिरंजीव एकदम ओरडले, "बाबा, त्यांचे साठ असले तरी लढतात तीनच!"

शाळेच्या पुस्तकात बाजीप्रभूंनी तीनशे मावळ्यांनिशी खिंड लढवली असे त्याने दहा वेळा वाचले होते, पाठही केले होते. तीनशेंनी हजारोंना कसे अडवले हे त्याला त्या क्षणी, तीन बोटांच्या फटीकडे पाहताना कळले. बाजींचे शौर्य तर होतेच. पण ती जमीन निवडण्याची नजरही होती. काय घडले ते पुस्तक सांगते. का घडले ते सांगायला डोंगर लागतो, आणि त्या डोंगराला हात लावू द्यावा लागतो.

पण नानांनी दिलेला शब्द पाळला. ते हरण्यासाठी खेळत नव्हते. तिघे पडले की नवे तिघे ताजेतवाने पुढे येत. बाजींचे वीसचे बारा झाले, बाराचे सात झाले. तिकडे कन्येची पालखी सुर्व्यांच्या वेढ्यात अडकली. फासा काही पडेना. "ताई, लवकर!" चिरंजीव ओरडत होते. स्वयंपाकघरातून सौ. झारा हातात घेऊनच बाहेर आली आणि तिकडे तळणातली करंजी काळी पडली. तेराव्या डावाला खिंडीत एकटे बाजी उरले. त्याच डावाला कन्येने सहा टाकले, वेढा फुटला आणि पालखी दरवाजात गेली. टिकल्यांचे पाच आवाज झाले.

नानांनी फासा टाकला. पाच पडले. चिरंजीवांना दोन.

त्यांनी बाजींचा पुतळा स्वतःच्या हाताने आडवा ठेवला, अगदी हळू. थोड्या वेळाने विचारले, "नाना, जिंकलं कोण?"

"खिंड माझ्या ताब्यात आली," नाना म्हणाले, "पण आता मी तिचं करू काय? राजे तर गेले. तू जिंकलास."

त्यानंतर आमच्या मजल्यावरची सगळी मुले येऊ लागली. रोज दोन-दोन लढाया. सिद्दी मसूद व्हायला आता रांग लागली, कारण साठजण असून जिंकायचे कसे हे कोडे प्रत्येकाला सोडवायचे होते. भाऊबीजेपर्यंत कड्यांचे कोपरे उडाले, चहाची जमीन उखडली, एका माचीवर कोणाचा तरी गुडघा उमटला. स्पर्धेचे परीक्षक आले, त्यांनी सभ्यपणे पाहिले आणि पुढे गेले. क्रमांक आला नाही.

पन्हाळ्यासह मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, याचा आनंद आपल्या सर्वांना आहेच. ते किल्ले जपायचे आहेत. त्यांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांना 'हात लावू नये' असे बजावायलाच हवे. परंतु गॅलरीतला किल्ला हा दर वर्षी मोडण्यासाठीच बांधायचा असतो. मोडला नाही तर तो कोणी वापरलाच नाही.

यंदा पुरंदर करायचा ठरला आहे. वज्रगड सुटा हवा, अशी सूचना आली आहे; तो आधी पडल्याखेरीज दिलेरखानाला पुढचा मार्ग नाही. माती चाळून झाली आहे आणि खोकी साठली आहेत. माझ्याकडे लगदा मळण्याचे काम दिले आहे, आणि ते मी मुकाट्याने करतो.

राहिली ती फळी. गेल्या वर्षी विशाळगडाची चढण करायला लांबट फळी सापडत नव्हती. मी ती जुनी फळी आणून दिली. चिरंजीवांनी तिच्यावरची अक्षरे वाचली, माझ्याकडे पाहून हसले, आणि ती पालथी घालून तिच्यावर माती लिंपली. राजांची पालखी तिच्यावरूनच वर गेली.